बिनगाठीची वेणी: गाठ गेली तरी ओढ हातातच असते

कोरेगावहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पार्लरचा कोर्स पूर्ण केलेल्या एका मुलीने व्हिडिओ पाहून धाकट्या बहिणीच्या डोक्यावर बिनगाठीच्या, म्हणजे ज्यांना नॉटलेस ब्रेड्स म्हणतात त्या, ४२ वेण्या घातल्या. त्याला ११ तास लागले. चौथ्या दिवशी मागच्या वेण्या मुळापासून अर्धे बोट खाली घसरल्या आणि पुढे कानशिलाजवळ मात्र अजूनही दुखते आहे. या वेण्या नीट कशा शिकायच्या, हात बसायला किती दिवस लागतात आणि आपल्याकडच्या केसांवर त्या टिकतात का, असे तिने विचारले आहे.

बाकीचे सांगण्याआधी एक काम आजच करा. कानशिलाजवळच्या ज्या वेण्या दुखत आहेत, त्या आज रात्री बहीण झोपण्याआधी सोडा. दोन दिवस दुखते, मग वेणी आपोआप सैल होते, असे पार्लरमध्ये सर्रास सांगितले जाते आणि मीही एके काळी सांगत असे. पण सैल होते म्हणजे काय होते, याचा विचार करून पाहा: एकतर केस पेडातून निसटतात, नाहीतर मुळातून सुटतात. मुळाशी लालसर पुरळ आले असेल तर त्यावर तेल चोळू नका, आठवडाभर केस मोकळे किंवा अगदी सैल बांधलेले ठेवा, आणि पुरळात पू दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गोळी खाऊन दुखणे मारायचे आणि वेण्या तशाच ठेवायच्या, हा उपाय होत नाही.

माझे पार्लर साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या बाजूला आहे आणि या कामात मला २२ वर्षे झाली. त्यातली पहिली १५ वर्षे नवरीचे अंबाडे, खोपे आणि सागरवेण्या यांतच गेली. बिनगाठीच्या वेण्या मी पुण्यात शिकायला आलेल्या एका केनियन विद्यार्थिनीकडून शिकले. एक अख्खा हिवाळा दर रविवारी सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरायचे, तिच्या खोलीवर तिच्या मैत्रिणींच्या डोक्यांवर हात चालवायचा आणि रात्रीच्या गाडीने परतायचे, असा नेम होता. पहिल्या रविवारी तिने माझ्या हातात केस दिलेच नाहीत. बराच वेळ ती माझी बोटे पाहत राहिली आणि म्हणाली, तुम्ही वेणी घालत नाही, दोरखंड वळता. मला राग आला, पण बोलणे खरे होते. घट्ट वेणी म्हणजे चांगली वेणी, हे आपण आईच्या पुढ्यात पाटावर बसल्यापासून शिकलेलो असतो. शाळा सुटेपर्यंत वेणी विस्कटू नये म्हणून भुवया वर जातील अशा ओढलेल्या दोन वेण्या आणि त्यांवर लाल रिबिनी, हेच आपल्या हाताचे पहिले शिक्षण. हा हात आधी मोडावा लागतो.

आता मूळ गोष्ट. जुन्या पद्धतीच्या बॉक्स ब्रेड्समध्ये, म्हणजे डोक्यावर छोटे चौकोन पाडून प्रत्येकाची एक वेणी घालतात त्या प्रकारात, बाहेरचे केस अगदी मुळाशी अडकवून तिथे पहिली गाठ पक्की करतात आणि मग वेणी सुरू होते. म्हणजे जोडलेल्या केसांचा सगळा भार पहिल्या क्षणापासून त्या इवल्याशा चौकोनातल्या मुळांवर येतो आणि गाठीचा टणक मणी डोक्याला टोचत राहतो. बिनगाठीच्या वेणीत सुरुवात केवळ स्वतःच्या केसांनी होते. दोन-तीन फेर झाल्यावर एक बारीक बट, पुढे थोडी जाड, मग आणखी जाड, अशा बटा वाटेत घेत घेत वेणी भरत जाते. सागरवेणी येत असेल तर ही कल्पना तुम्हाला नवी नाही. तिथे डोक्यावरचेच केस थोडे थोडे पेडात घेत आपण खाली येतो. इथे घ्यायचे केस बाहेरचे असतात, एवढाच फरक. आपल्या आज्यांनी वेणीत गंगावन घातले तेही याच जातीचे काम होते, मात्र गंगावन एकाच वेणीला लागत असे आणि रात्री काढून खुंटीला अडकवता येत असे. या वेण्या आठवडेच्या आठवडे डोक्यावर राहतात, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा.

गाठ नाही म्हणून ओढ नाही, असा समज मात्र मनातून काढा, कारण तुमच्या बहिणीचे कानशील त्याच समजापायी दुखते आहे. गाठ काढल्याने भार मुळापासून दोन बोटे दूर जातो, तेवढाच फायदा. पहिले तीन फेर तुम्ही कसे घालता, त्यावर पुढची सगळी ओढ ठरते.

मागच्या वेण्या घसरल्या आणि पुढच्या दुखल्या, या दोन तक्रारी उलट्या वाटतात. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे. तुम्ही रीतीप्रमाणे मानेपासून सुरुवात केली असणार आणि तेव्हा हात भीत असणार, म्हणून फेर सैल पडले. पुढे येईतो वेणी घसरते हे लक्षात आले, आणि ती भीती कानशिलावर निघाली. त्यातही आपल्या केसांचा स्वभाव आड येतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसाचा छेद चपटा असतो आणि केस वळत वळत वाढतो, त्यामुळे केसाला केस धरून राहतो. वेणी सुटू नये म्हणून त्यांना टोकाला रबरसुद्धा लागत नाही. आपला केस बहुधा गोल, गुळगुळीत आणि सरळ, वर पिढ्यान्‌पिढ्यांचे तेल. अशा केसाची बारीक वेणी मुळाशी सरकणारच. कुरळ्या केसांवर सहा ते आठ आठवडे राहणारी ही वेणी माझ्या अनुभवात सरळ केसांवर दोन, फार तर तीन आठवडे बरी दिसते. ती जास्त टिकावी म्हणून अधिक ओढणे हा सगळ्यांत वाईट मार्ग आहे. त्यापेक्षा केस आदल्या दिवशी साध्या शाम्पूने दोनदा धुवा, कंडिशनर लावू नका, तेल आधीचे चार दिवस बंद ठेवा, केस पूर्ण वाळवा, आणि वेणी घालताना प्रत्येक चौकोनाच्या मुळाशी चण्याच्या डाळीएवढे ब्रेडिंग जेल किंवा थोडा मूस बोटाने चोळा. केसाला किंचित खरखरीतपणा आला की निम्मे काम होते.

गिऱ्हाइकाला आणखी एक गोष्ट खरी सांगावी लागते. या वेण्यांना संरक्षक केशरचना म्हणतात, ती कुणाची संरक्षक? घट्ट कुरळ्या केसात टाळूचे तेल टोकापर्यंत पोहोचत नाही, टोके कोरडी पडतात आणि रोजच्या विंचरण्याने तुटतात. म्हणून केस वेण्यांत बंद करून त्यांना हात लागू न देणे हे त्यांच्यासाठी खरोखर राखण आहे. आपल्या केसांना ती गरज बहुधा नसते. आपली राखण करणारी वेणी म्हणजे तेल लावलेली, सैलसर तिपेडी. तेव्हा इथल्या मुलीला केस वाढावेत म्हणून या वेण्या घाला, असे मी कधीच सांगत नाही. हौस म्हणून घालाव्यात, लग्नात घालाव्यात, मैदानावर किंवा पोलीस भरतीच्या सरावात रोज केस आवरण्याचा ताप वाचावा म्हणून घालाव्यात. दुष्काळी माण तालुक्यातल्या एका वसतिगृहातल्या मुली उन्हाळ्यात माझ्याकडे येतात, त्यांचे कारण पाणी. केस कमी वेळा धुवावे लागतात. ज्यांची ही परंपरा आहे त्यांनी तिच्यापायी बरेच सोसलेही आहे. केसांच्या अशा रचनेवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले राज्य कॅलिफोर्निया, आणि तो कायदा झाला २०१९ साली, म्हणजे अगदी काल-परवा. आपण ही कला शिकतो ती कुणाची आहे, हे मनात असू द्यावे.

शिकण्याची सुरुवात केसांवर करू नका, लोकरीवर करा. स्वयंपाकघरातला रिकामा, हलका स्टीलचा तांब्या ओट्यावर ठेवा. लोकरीच्या बारा पदरांची एक जुडी त्याच्या गळ्याला बांधा, तिचे चार-चार पदरांचे तीन पेड करा आणि वेणी घालायला लागा. अट एकच: तांब्या जागचा हलता कामा नये, आणि वेणी सैलही दिसता कामा नये. पहिल्या दिवशी तांब्या तुमच्या अंगावर येईल. दहाव्या दिवशी लक्षात येईल की वेणी घट्ट करण्यासाठी पेड आपल्याकडे ओढावे लागत नाहीत. ते एकमेकांपासून बाजूला, आडवे ताणावे लागतात. फेर पडला की अंगठा आणि तर्जनीने तो फेर तिथेच चिमटीत धरायचा, आणि पुढची ओढ त्या चिमटीवर घ्यायची, मुळावर नाही. चिमूट सुटली की ओढ थेट टाळूला जाते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली या तांब्याला कंटाळतात, एक तर चिडून निघूनही गेली. पण ज्यांनी महिनाभर रोज अर्धा तास दिला, त्यांच्या हातून पुढे कुणाचे डोके दुखले नाही.

तांब्या स्थिर राहू लागला की बटा घालायला शिका. आधी तयारी, कारण वेणी अर्ध्यावर असताना हात रिकामा होत नाही. एका वेणीसाठी चार बटा लागतात: पहिली उदबत्तीच्या काडीइतकी बारीक, दुसरी तिच्या दुप्पट, उरलेल्या दोन आणखी थोड्या भरदार. मी कपडे वाळत घालायच्या स्टँडवर अशा चार-चार बटांच्या जुड्या आधीच ओळीने अडकवून ठेवते; पूर्ण डोक्याची ही तयारीच तासभर खाते. आता स्वतःच्या केसांचे तीन समान पेड घ्या आणि तीन फेर घाला. चौथ्या फेराला बाहेरचा पेड आत येणार, त्याच्या आधी बारीक बट मधोमध दुमडून डाव्या तर्जनीवर घ्या. तिची एक बाजू बाहेरच्या पेडासोबत निजवा, दुसरी मधल्या पेडासोबत, आणि मगच फेर टाका. फेर पडताच बट दोन पेडांत अडकते आणि तिला गाठीची गरज राहत नाही. इथे प्रत्येक शिकणारी ती बट अडकली का हे पाहायला हिसका देते. तो हिसका देऊ नका. बट अडकली नसेल तर पुढच्या फेरात ती स्वतःच सांगते. दोन फेर तसेच जाऊ द्या, दुसरी बट उलट बाजूने घ्या, पुन्हा दोन फेर, मग तिसरी अशा ठिकाणी घ्या की आतापर्यंत उपाशी राहिलेला पेड भरेल. तिन्ही पेड सारखे झाले की चौथी बट, आणि त्यापुढे फक्त वेणी.

नीट झालेली वेणी मुळाशी सपाट असते आणि उंदराच्या शेपटीच्या उलट, खाली येताना हळूहळू भरत जाते. मध्येच बेडकासारखा फुगवटा दिसला तर बट जाड घेतली, किंवा दोन बटा एकाच पेडात गेल्या. अशा वेळी फुगवटा दाबून पुढे जाऊ नये. तीन फेर उलगडावेत आणि बट अर्धी करावी. हात कुठे धरता तेही महत्त्वाचे आहे. वेणी पुढे ज्या दिशेला लोंबणार, त्याच दिशेला आणि टाळूला जवळजवळ टेकूनच पहिले फेर पडले पाहिजेत. सोयीसाठी केस वर उचलून वेणी घातली, की ती खाली पडताना मुळाशी बिजागरीसारखी वाकते आणि त्या वाकणात रोज ओढ बसते. मानेवरच्या ओळींसाठी गिऱ्हाइकाची हनुवटी छातीला टेकवा. स्वतः स्टुलावर बसा, उभ्याने वाकून केलेल्या कामात खांदा ओढतो आणि खांद्याबरोबर केसही ओढले जातात. पेड वरून टाकावा की खालून, हा वाद मला फारसा पटत नाही. दोन्ही चालते, मात्र एका डोक्यावर एकच रीत ठेवा.

भांग पाडणे हे वेगळे शिक्षण आहे, आणि खरे तर सौंदर्य तिथेच असते. वेणी थोडी डावी-उजवी झाली तर लपते, भांग वाकडा झाला तर लपत नाही. टेल कोंबने, म्हणजे टोकदार दांडीच्या कंगव्याने, डोक्याचे चार भाग करून क्लिपा लावा आणि मानेपासून ओळी घ्या. चौकोन दोन ते अडीच सेंटिमीटरचा ठेवा. खालच्या ओळीतल्या दोन चौकोनांच्या सांध्यावर वरच्या ओळीतल्या चौकोनाचा मध्य आला पाहिजे. गवंडी वीटकामात ज्याला सांधेमोड म्हणतात, तीच ही. सांधेमोड साधली की वेण्या टाळू झाकतात, नाहीतर मागून पाहणाऱ्याला शेताच्या सऱ्यांसारख्या पांढऱ्या रेघा दिसतात. पुढच्या कडेला, जिथे जावळासारखे बारीक केस असतात, ते केस वेणीत घेऊच नका. तिथला चौकोन मागच्यापेक्षा थोडा मोठा आणि जोडकेस, म्हणजे बाहेरून घालायचे केस, मात्र कमी, हा नियम पाळा.

हा नियम मला एका मुलीच्या कानशिलाने शिकवला. पुण्याहून शिकून आल्याला दोन महिनेही झाले नव्हते. १७ वर्षांची कबड्डी खेळणारी मुलगी, दुसऱ्या दिवशी सामना, आणि वेणी अजिबात सुटता कामा नये, असा तिचाच आग्रह. मीही नव्या हुन्नरीच्या तोऱ्यात होते. ६० बारीक वेण्या घातल्या. कानशिलावरचे पेड काडेपेटीच्या काडीइतके, आणि त्यांत मागच्याइतकाच भरगच्च जोडकेस. आरशात सुंदर दिसले. चौथ्या दिवशी सकाळी शटर वर करते तोच तिची आई तिला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आली. दोन्ही कानशिलांवर प्रत्येक वेणीच्या मुळाशी कातडी तंबूच्या टोकासारखी वर ओढली गेली होती आणि टोकाला लाल पुरळ होते. दुपारपर्यंत बसून मी वेण्या सोडल्या. कंगव्यात जे केस आले त्यांच्या टोकाला पांढरे मूळ होते. आई सगळा वेळ गप्प होती, निघताना एवढेच म्हणाली, “दुखतंय का म्हणून एकदा तरी विचारायचं होतं, ताई.” ती जागा भरून यायला सात महिने गेले.

तेव्हापासून प्रत्येक ओळ झाली की मी थांबते. गिऱ्हाइकाला भुवया उंचवायला, कपाळाला आठ्या घालायला आणि मान खाली घालायला सांगते. यांपैकी काहीही करताना चेहरा बदलला, तर ती ओळ उलगडते, मग कितीही वाजलेले असोत. सतत ओढ बसून केस जाण्याला डॉक्टर ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. लवकर लक्षात येऊन ओढ थांबली तर केस परत येतात. वर्षानुवर्षे तेच चालू राहिले तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि मग काही उगवत नाही. हा आजार काही परदेशी वेण्यांनी आणलेला नाही. रोज त्याच जागी करकचून अंबाडा घालणाऱ्या, भांग रुंदावलेल्या आणि कपाळ मागे गेलेल्या बायका मी सातारच्या पेठांत २२ वर्षे पाहते आहे. ज्यांचे केस आधीच गळत आहेत, ज्यांना चाई पडली आहे, टाळूवर जखम किंवा बुरशी आहे, त्यांना मी सरळ नाही म्हणते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात ते आपोआप थांबतात, पण त्या काळात वेण्यांचा भार नको. लहान मुलींच्या डोक्यावर तर जोडकेस घालूच नयेत.

भाराचा हिशेब डोळ्यांनी करू नका. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा पार्लरमध्ये आणून ठेवला आहे, आणि मोठ्या बाईच्या डोक्यावर एकूण ३०० ग्रॅमच्या वर जोडकेस घालत नाही. केस पातळ असतील तर २०० ग्रॅम. ही माझी स्वतःची मर्यादा आहे, पुस्तकातली नाही. कमरेपर्यंत वेण्या हव्यात म्हणणाऱ्या मुलीला मी तेवढा जोडकेस आधी ओंजळीत धरायला देते, आणि पाण्यात भिजल्यावर तो याहून जड होईल हे सांगते. बहुतेक जणी खांद्याच्या खाली चार बोटांवर राजी होतात.

जोडकेसांत फसगत फार होते. वेण्यांसाठी नावाजलेला तंतू म्हणजे कानेकलॉन. जपानच्या कानेका कंपनीचा हा कृत्रिम, मोडॅक्रिलिक धागा वजनाला हलका असतो आणि गरम पाण्याने बसतो. बाजारात त्याच्यासारखे दिसणारे बरेच काही मिळते. फॅन्सी स्टोअरमधले गंगावन घेऊ नका. ते निसरडे असते आणि टोके एका रेषेत कापलेली असतात. टोके आधीच पायरीपायरीने ओढलेला, म्हणजे प्री-स्ट्रेच्ड, माल घ्या. नाहीतर तुम्हाला स्वतः बसून टोके वरखाली ओढावी लागतील. कृत्रिम केसांवर कारखान्यात दिलेल्या लेपामुळे काहींच्या टाळूला खाज सुटते. म्हणून मी जोडकेस पांढरे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवते, स्वच्छ धुते आणि पूर्ण वाळवते. तरी शंका असेल तर आदल्या रात्री कानामागे एक छोटी बट वेणीत घालून बघायला देते.

शेवटी टोके गरम पाण्यात बुडवतात, त्याने वेणी सुटत नाही आणि सरळ पडते. सगळ्यांत जास्त अपघात याच टप्प्यावर होतात. पाणी कधीही वरून ओतू नका. खांद्यांवर जाड टॉवेल टाका, गिऱ्हाइकाला खुर्चीत मागे रेलवा, मदतनिसाला गरम पाण्याचा जग धरायला सांगा आणि एका वेळी सात-आठ वेण्यांची फक्त टोके दहा सेकंद बुडवून लगेच टॉवेलमध्ये दाबा. तंतू हलक्या प्रतीचा असेल तर तो पाण्यात आखडून झाडूच्या काड्यांसारखा होतो; म्हणून एक सुटी बट आधी बुडवून पाहावी. काही जणी काडीने टोके जाळतात. वितळलेला थेंब मानेवर पडल्याचे मी पाहिले आहे, त्यामुळे माझ्याकडे ते चालत नाही.

धुण्याविषयी थोडक्यात. आठवड्यातून एकदा, चोच असलेल्या बाटलीत शाम्पू पाण्याने पातळ करून फक्त भांगांच्या रेघांवर सोडावा, बोटांच्या पेरांनी दाबावे, चोळू नये, आणि भरपूर पाण्याने धुवावे. रात्री जुन्या रेशमी साडीचा तुकडा डोक्याला बांधावा. सुती उशी वेण्यांना पिंजून काढते. आणि वाळवणे. माण-खटावच्या कोरड्या हवेत वेण्या दोन तासांत खडखडीत होतात. जावळी, पाटण किंवा महाबळेश्वरच्या पावसात त्या आत ओल्याच राहतात, वास येतो, मग खाज. जुलै-ऑगस्टमध्ये त्या भागातल्या मुलींना मी दिवाळीनंतर या म्हणते. दोन हंगामांचे पैसे बुडतात, बुडू देते.

वेण्या सोडणे हा निम्मा हुन्नर आहे, आणि तो कुणी शिकवत नाही. गिऱ्हाईक घरी कात्री चालवते आणि स्वतःचेच केस कापून बसते. आधी तिचा स्वतःचा केस कुठवर आहे ते वेणी घालतानाच मोजून लिहून ठेवा, त्याच्या चार बोटे खाली कापा, आणि टेल कोंबच्या टोकाने फेर खालून वर उलगडत या. मुळाशी मळ आणि गळलेल्या केसांचे राखाडी कडे जमलेले असते. त्यावर थोडे खोबरेल लावून बोटांनी ते उकला. सगळे केस कोरडे असतानाच पूर्ण विंचरा, आणि मगच धुवा. आधी पाणी घातले तर ते कडे जागीच गच्च होते. विंचरताना एवढी मोठी गुंतवळ निघते की मुली रडू लागतात. रोज ५० ते १०० केस गळणे हे प्रत्येकाचे ठरलेले आहे. तीन आठवडे ते वेणीतच अडकून राहिले, म्हणजे एकदम हजार-दोन हजार केस हातात येणार. मूळ नसलेले, मधूनच तुटलेले आखूड तुकडे जास्त दिसले तर मात्र तुमच्या हाताची चूक समजा.

वेण्या महिनोन्‌महिने तशाच ठेवल्या तर काय होते, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. साताऱ्यातून ज्यांचे काम उभे राहिले त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांची जटांच्या ओझ्यातून सुटका केली आहे. जट म्हणजे न विंचरलेल्या, मळ धरलेल्या केसांचा गुंता, देवीचा त्याच्याशी काही संबंध नाही. गेल्या वर्षी साडेचार महिने वेण्या न सोडलेली एक मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा मानेवरच्या पाच वेण्यांची एकच जट झालेली होती, आणि सोबत आलेली तिची आजी ती कापू द्यायला तयार नव्हती. आजीला समोर बसवून, तेल लावून, सुईच्या टोकाने मी त्यातले जोडकेस एकेक करून बाहेर काढून दाखवले. तिसरी निळी बट बाहेर आल्यावर आजीच म्हणाल्या, काप.

पैशांचे विचारले नाही, तरी सांगते, कारण पुढे तेच विचाराल. डोक्यामागे दर ठरवू नका, तासावर ठरवा, आणि जोडकेसांची किंमत वेगळी घ्या. नाहीतर घाई होते, आणि घाईत हात ओढतो. मध्यम वेण्यांचे डोके मला आजही पाच ते सहा तास घेते. तुमचे ११ तास वाईट नाहीत, पण ते एका बैठकीत नकोत. सहाव्या तासानंतर बोटांना ओढ कळेनाशी होते. पहिला महिना तांब्या आणि लोकर. दुसऱ्या महिन्यात डमीवर, म्हणजे सरावाच्या खोट्या डोक्यावर, केवळ भांग आणि बटा, मानेपासून कानापर्यंत, पुन्हा पुन्हा. तिसऱ्या महिन्यात बहीण तयार असेल तर तिच्या मानेवरच्या दोनच ओळी, जोडकेस न घालता, आणि त्या किती दिवसांत किती घसरतात ते मोजा. दहा दिवसांत अर्ध्या बोटापेक्षा कमी घसरल्या आणि एकदाही दुखल्या नाहीत, तर पुढची ओळ जोडकेसांची घ्या. तिच्या कानशिलांना मात्र सहा महिने हात लावू नका.